व्हिस्लर बाइक पार्क: ऑगस्टची धूळ आणि सप्टेंबरची माती

कॅनडातल्या व्हिस्लर बाइक पार्कात डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टमधून उतरलं की सायकल बाजूला टेकवायची, ट्रेलच्या, म्हणजे सायकलच्या वाटेच्या, कडेची मूठभर माती उचलायची आणि लाडू वळतोय का बघायचं. वळला, आणि अंगठ्यानं दाबल्यावर हलकाच फुटला, तर तो दिवस सोन्याचा, जेवायला सुद्धा थांबू नका. माती बोटांमधून पिठीसारखी गळून गेली तर त्या दिवशी हात दुखणार, ब्रेक तापणार आणि पुढच्याची धूळ खावी लागणार हे धरून चाला. आणि हाताला गाऱ्यासारखी चिकटली तर जरा थांबा, एक चहा घ्या, पाणी निचरू द्या. चार सीझन तिथे जाऊन मी जे काही शिकलो त्याचं सार एवढंच आहे, कारण तिकिटाचे पैसे आपण लिफ्टचे देतो पण खरी मजा किंवा खरा त्रास त्या मातीच्या हातात असतो, आणि हे कुणी आधी सांगत नाही.

मी मूळचा पुण्याचा, सिंहगडाच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर सायकल चालवत मोठा झालो, आता व्हँकुव्हरजवळ बर्नबीला असतो. ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात ज्या डोंगरावर लोक स्कीइंग करतात त्याच डोंगरावर उन्हाळ्यात लिफ्ट चालू ठेवतात, सायकल लिफ्टच्या रॅकवर चढते, तुम्ही बसून वर जाता आणि मग खास सायकलसाठी बांधलेल्या वाटांवरून खाली येता, परत लिफ्ट, परत खाली, दिवसभर. चढ चढायचाच नाही. ऐकायला आरामाचं वाटतं पण संध्याकाळी जिना उतरताना मांड्या बोलायला लागतात. व्हिस्लरचं हे पार्क १९९९ पासून चालू आहे आणि डाउनहिल सायकलवाल्यांची ही पंढरीच आहे, २००४ पासून क्रँकवर्क्स नावाचा मोठा उत्सव इथे होतो त्याला जगभरातून लोक येतात. व्हँकुव्हरपासून साधारण १२० किलोमीटर, सी टू स्काय हायवेनं स्क्वॉमिशवरून, दोन तास धरा, आणि रस्ता इतका सुंदर आहे की तिथेच अर्धे पैसे वसूल.

यंदा मी दोनदा गेलो. एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला, भाचा पुण्याहून आला होता त्याला घेऊन, आणि एकदा सप्टेंबरात एकटा, चांगला दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर. तोच डोंगर, तेच ट्रेल, पण पहिल्या वेळी जिथे ब्रेक धरून धरून कसाबसा खाली आलो तिथेच दुसऱ्या वेळी मी ओरडत खाली आलो, म्हणून मुद्दाम बसून लिहितोय.

आधी ऑगस्ट. त्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस फार कमी असतो, आपल्याकडच्या बरोब्बर उलटं, आपला श्रावण चालू असतो आणि तिथे महिना महिना थेंब नाही. त्यात शाळांना सुट्ट्या, पर्यटक, क्रँकवर्क्सच्या आगेमागे आलेली मंडळी, म्हणजे दिवसाला हजारो चाकं त्याच मातीवरून जातात. माती पार कोरडी झाली की तिची पकड सुटते, वरचा थर बारीक भुकटी होऊन वळणाच्या बाहेरच्या कडेला साठतो आणि आतली जमीन सिमेंटसारखी टणक उघडी पडते. मग तुम्ही वळणात शिरता, पुढचं चाक आधी टणक भागावर असतं, मग अचानक त्या भुकटीत, आणि अर्ध्या सेकंदासाठी हँडल तुमचं ऐकत नाही. तो अर्धा सेकंद फार मोठा असतो हो.

आणि ब्रेकिंग बंप्स. ज्यांनी आपल्याकडचे खाणीकडे जाणारे मुरमाचे रस्ते बघितलेत, डंपर जाऊन जाऊन पन्हाळी पत्र्यासारखे झालेले, त्यांना लगेच कळेल. प्रत्येक वळणाच्या अलीकडे सगळे जण ब्रेक मारतात, चाक उडतं आपटतं उडतं आपटतं, प्रत्येक आपटण्यानं थोडी माती उकरली जाते, पुढचा माणूस त्याच खळग्यात आपटतो आणि खळगा अजून खोल होतो. ए-लाइन, बी-लाइन, क्रँक इट अप, हे जे सगळ्यात लाडके ट्रेल आहेत तिथे सगळ्यात जास्त, कारण गर्दी तिथेच. चांगली डाउनहिल सायकल म्हणजे पुढे-मागे २०० मिलिमीटरचं सस्पेन्शन, तरी दुपारी तीननंतर माझे पंजे असे भरून आले होते की पाण्याच्या बाटलीचं झाकण दातानं उघडलं. याला पार्कचा दोष म्हणता येणार नाही, कोरड्या मातीवर एवढी वर्दळ झाली की जगात कुठेही हेच होणार. उलट मी तर बघितलंय की तिथली ट्रेल क्रू सकाळी फावडी, दंताळी घेऊन वळणं परत बांधत असते, खड्डे भरते, पाणी मारते, एखादा ट्रेल पूर्ण बंद करून छोट्या जेसीबीनं नव्यानं घडवते. एका ठिकाणी आम्ही थांबलो तेव्हा एक मुलगी फावड्याच्या पाठीनं वळणाची भिंत थोपटत होती, अगदी चूल सारवावी तशी, खालून वर, खालून वर, आणि मग हात फिरवून बघत होती. मी थँक यू म्हटलं तर म्हणाली मजा करा पण कोपरा कापू नका. ते वाक्य मी नंतर भाच्याला दिवसभर ऐकवलं. वळणाची आतली बाजू कापून सरळ गेलं की पाणी त्याच वाटेनं वाहायला लागतं आणि पूर्ण वळण वाहून जातं, आपल्या गडांवर शॉर्टकट मारून पायवाटांची जी वाट लावलीय लोकांनी तेच.

भाचा एकोणीस वर्षांचा, सायकल येते, पण असं कधी काही केलं नव्हतं. त्याला पहिल्या दिवशी इझी डझ इटवर नेलं. हिरवा ट्रेल आहे. तिथे खुणा स्कीइंगसारख्याच, हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा चौकट (पत्त्यांतला असतो तसा) कठीण, दोन काळे चौकट म्हणजे फारच कठीण, आणि नारंगी लंबगोल म्हणजे मोठ्या उड्यांवाले प्रो ट्रेल, तिकडे अंदाज नसेल तर पाय सुद्धा ठेवू नका. इझी डझ इट रुंद आहे, उतार हलका, वळणं मोठी, आणि एक गोष्ट मला फार आवडली की हिरवा ट्रेल आहे म्हणून दुर्लक्ष केलेलं नाही, वळणांना व्यवस्थित भिंती आहेत, म्हणजे नवशिक्या माणसाला पहिल्या तासातच कळतं की सायकल कलती करून भिंतीवर टेकवायची असते, हँडल वळवायचं नसतं. भाचा पहिल्या फेरीत प्रत्येक वळणावर ब्रेक आवळून उभा. दुसऱ्या फेरीत मागून ओरडला, "मामा, ब्रेक सोडू का?" म्हटलं वळणाच्या आधी मार, आत गेल्यावर सोड, आणि नजर पुढच्या वळणावर, चाकाकडे बघू नकोस. तिसऱ्या फेरीला एका वळणातून तो असा सुळकन बाहेर आला की स्वतःच दचकला, खाली येऊन हेल्मेट काढलं तर चेहऱ्यावर धुळीचा थर आणि दात तेवढे पांढरे. "परत जाऊया." बस, तिथे मला कळलं की पैसे सार्थकी लागले.

दुपारनंतर त्याला बी-लाइनवर नेलं आणि ती मात्र घाई झाली असं मला वाटतं. ट्रेल निळाच आहे, अवघड असा नाही, पण त्या दिवसांत त्यावरचे बंप्स एवढे होते की त्याचे पाय पेडलवरून दोनदा उडाले. याच ट्रेलवर जूनमध्ये किंवा सप्टेंबरात नवखा माणूस हसत हसत उतरेल. म्हणजे नकाशावरचा रंग हा फक्त वाटेचा असतो, त्या दिवशीच्या जमिनीचा नसतो, कोरड्या दिवसांत प्रत्येक रंग मनातल्या मनात अर्धी पायरी वर चढवून वाचायचा.

भाड्याच्या सायकलबद्दल एक सांगायलाच हवं. दुकानाचं नाव घेत नाही, तिथे अशी बरीच दुकानं आहेत. भाच्यासाठी डाउनहिल सायकल, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, गुडघे-कोपराचे पॅड, छातीचं कवच असं सगळं घेतलं, गर्दी होती, पोरानं पटापट सीटची उंची लावून दिली आणि आम्ही निघालो. तिसऱ्या फेरीनंतर भाचा म्हणतो मागचा ब्रेक पार हँडलला टेकतोय. बघतो तर ब्रेकचे पॅड जवळजवळ संपलेले. परत दुकानात गेलो, त्यांनी काही वाद न घालता बदलून दिले, पण पाऊण तास गेला आणि मुख्य म्हणजे मीच आधी बघायला हवं होतं, कारण पोरगं माझ्या जबाबदारीवर आलेलं होतं, काही झालं असतं तर घरी मलाच कळवावं लागलं असतं. तेव्हा घेतानाच दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलून बघा, लिव्हर हँडलपासून दोन बोटं तरी लांब थांबली पाहिजे, चाक फिरवून डिस्क घासतेय का ऐका, टायरची बटणं, म्हणजे वरचे रबरी उंचवटे, झिजलेली आहेत का बघा. पाच मिनिटं लागतात.

आता सप्टेंबर. मी दोन दिवस हवामान बघत बसलो होतो, पाऊस थांबला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि पहाटे निघालो. खालच्या फिट्झसिमन्स लिफ्टला पोचलो तेव्हा ढग झाडांच्या शेंड्यांना अडकलेले होते, आपल्याकडे लोणावळ्याला असतात तसे, आणि जंगलाला तो वास, देवदाराची साल आणि ओली माती. ही लिफ्ट २०२३ च्या हिवाळ्यात नवीन आली, आधी चार जणांची होती आता आठ जणांची. पहिली फेरी मी मुद्दाम हळू केली. आधी बघून घ्या, परत चालवा, मग मोकळं सोडा, हा तिथला मंत्रच आहे आणि तो मी कधी मोडत नाही.

तर माती. रंगच बदलला होता, फिकट राखाडी-पिवळीची गडद तपकिरी झालेली, मधे मधे काळपट. हातात घेतली, दाबली, लाडू वळला, बोटांचे ठसे उमटले त्यावर. ए-लाइनच्या पहिल्या वळणात शिरलो आणि टायरचा आवाजच वेगळा, ऑगस्टमध्ये खर्रर्र असा पत्र्यावर खडे ओढल्यासारखा येतो, इथे नुसता मऊ घसघस, आणि बटणं मातीत रुतून जागेवर धरून ठेवतायत. ऑगस्टमध्ये जिथे मी दोन बोटं ब्रेकवर ठेवून चाललो होतो तिथे एका बोटाची सुद्धा गरज पडली नाही. ए-लाइनच्या उड्या टेबलटॉप पद्धतीच्या आहेत, म्हणजे चढ आणि उतार यांच्या मधली जागा भरलेली असते, कमी पडलात तर मधे टेकता, खड्ड्यात जात नाही. तरी तो काळा ट्रेल आहे आणि वेग नेमका लागतो. जमीन एकसारखी असली की हा वेग आपोआप येतो, एक उडी दुसरीच्या तोंडाशी नेऊन सोडते, ब्रेक नाही पेडल नाही, नुसतं शरीर खाली-वर करत जायचं, तबल्याची ठाय लय एकदम द्रुतमध्ये जावी तसं होतं मधे कुठेतरी आणि मग तुम्ही विचार करायचे थांबता. मी त्या सकाळी सात वेळा तेच केलं. सात वेळा, बाकी एवढा मोठा डोंगर पडलेला असताना, आणि मला अजिबात पश्चात्ताप नाही.

पण पाऊस सगळ्या ट्रेलला सारखा मानवत नाही हे नीट लक्षात घ्या. मशीननं बांधलेले जे गुळगुळीत ट्रेल आहेत त्यांना उतार काढून पाणी जायला जागा ठेवलेली असते, ते लवकर सावरतात. जंगलातून हातानं काढलेले मुळा-दगडांचे जुने ट्रेल, श्लायर, ओरिजिनल सिन, त्या वरच्या गार्बान्झो भागातले गोट्स गली वगैरे, तिथे पावसानंतर दोन दिवस मुळं साबण लावल्यासारखी असतात. देवदाराचं मूळ, साल निघालेलं, ओलं, आणि ते तिरकं आडवं वाटेवर. त्यावर ब्रेक मारला की संपलं. मुळाच्या आधी वेग कमी करायचा, मुळावर चाक काटकोनात न्यायचं आणि हात लांब ठेवून सायकलला जायचं तिकडे जाऊ द्यायचं. ओरिजिनल सिनवर मी दुपारी गेलो, दोन ठिकाणी उतरून सायकल हातात धरून खाली आलो, आणि तो निर्णय योग्यच होता. लाकडी पूल सुद्धा तसेच, जाळी ठोकलेली असते पण वळताना भरवसा ठेवू नका.

वरचा टॉप ऑफ द वर्ल्ड वेगळंच प्रकरण. व्हिस्लर डोंगराच्या पीकवरून, म्हणजे २१०० मीटरच्याही वरून सुरू होतो, गाव आहे ६७५ मीटरवर, यावरून उताराचा अंदाज घ्या. तिथे माती अशी फारशी नाहीच, फुटका दगड, खडी, मधे मधे कुरण. बर्फ वितळल्याशिवाय उघडत नाही त्यामुळे मे-जूनमध्ये येणाऱ्यांनी त्याची आशा धरू नये. वळणं अरुंद आहेत, दगड चाकाखाली सरकतात, वेगाचा ट्रेल नाहीच तो, पण समोर हिमनद्या, खाली तळी आणि शांतता. तिथे मार्मोट नावाचा लठ्ठ खारीच्या जातीचा प्राणी दगडावर बसून लांब शिट्टी मारतो, त्या शिट्टीवरूनच डोंगराचं नाव व्हिस्लर पडलं, आधी त्याला लंडन माउंटन म्हणायचे. ऑगस्टमध्ये धुळीचा त्रास खाली होत असतो तेव्हा इथे तो सगळ्यात कमी जाणवतो, कारण दगडाला कोरडं काय आणि ओलं काय. त्यामुळे भर उन्हाळ्यातच येणं भाग असेल आणि सायकल बऱ्यापैकी येत असेल तर दुपारचे बंप्सवाले तास इथे काढा. खालचे लोकप्रिय ट्रेल सकाळी लिफ्ट उघडल्या उघडल्या करून घ्या, तेव्हा क्रूनं रात्री-पहाटे केलेलं काम ताजं असतं. गर्दी फारच झाली तर क्रीकसाइडच्या गोंडोलानं जा, २०१० च्या ऑलिम्पिकच्या स्कीइंग शर्यती झाल्या ती ही बाजू, तिथे उतार जरा तीव्र आहेत पण माणसं कमी.

टायरमधली हवा हा छोटा विषय वाटतो पण नाही. धुळीत मी पुढे २४ आणि मागे २७ पीएसआयच्या आसपास ठेवतो, माझं वजन ७४ किलो आहे, त्याप्रमाणे तुमचं बघा. ओल्या मातीत अजून एक-दीड कमी चालतं. फार कमी केली तर उडी मारून उतरताना रिमला दगड लागून ट्यूब फाटते. आणि हँडलवरचे ब्रेक लिव्हर एका बोटानं ओढता येतील असे आत सरकवून घ्या, दोन बोटांनी दिवसभर ओढाल तर दुपारी पकडायला बोटं उरणार नाहीत.

बाकीचं पटकन. तिकीट स्वस्त नाही, आधी ऑनलाइन काढलं तर जरा स्वस्त पडतं. पार्क साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतं. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर येऊ शकतो, हवा किती खराब आहे त्याचा आकडा बघूनच घर सोडा, धुरात दिवसभर धापा टाकणं बरं नाही. विजा चमकल्या की लिफ्ट थांबवतात, तेव्हा कुरकुर करू नका. काळी अस्वलं दिसतात, लिफ्टखाली निवांत गवत खात असतात, आम्हाला एक मादी आणि दोन पिल्लं दिसली, थांबायचं, अंतर ठेवायचं, फोटोसाठी जवळ जायचं नाही. भारतातून येणाऱ्यांनी प्रवास विमा घेताना डाउनहिल सायकलिंग त्यात बसतं का ते शब्द न् शब्द वाचून घ्या, बऱ्याच साध्या विम्यांत ते वगळलेलं असतं आणि तिथला दवाखान्याचा खर्च परदेशी माणसाला झेपणारा नाही. खायला गावात सगळं मिळतं, आम्ही मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती आणि लिफ्टच्या रांगेत उभ्या उभ्या खाल्ली, एकदम बरोबर जेवण आहे ते या कामाला, पोट जड होत नाही.

संध्याकाळी खाली सायकल धुवायला पाइप असतो तिथे उभा होतो तेव्हा चाकाच्या मधून काळी माती ढेकळं ढेकळं होऊन पडत होती, ऑगस्टमध्ये याच जागी नुसती धूळ झटकली होती. भाच्याला तिथूनच व्हिडिओ कॉल केला, पुण्यात पहाट होती, तो डोळे चोळत म्हणाला, "मामा, ही तीच बी-लाइन?" म्हटलं तीच. पुढच्या वर्षी परत यायचं म्हणतोय, कॉलेजच्या सुट्ट्या बघून जुलैचं विमान शोधत होता, त्याला सांगितलंय की परीक्षा वगैरे काय असेल ते बघ पण तिकीट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याचंच काढ, आणि परतीची तारीख चार दिवस पुढची ठेव, पाऊस कधी पडेल ते सांगता येत नाही.